दुहेरी काचेच्या खिडक्यांची निगा व दुरुस्ती

एकाच चौकटीत दोन काचा ठरावीक अंतरावर समांतर बसवून त्यांच्यामधील पोकळी चारही कडांनी हवाबंद केली असता तयार होणाऱ्या खिडकीस दुहेरी काचेची खिडकी असे म्हणतात. बाजारात ती 'डबल ग्लेझिंग' किंवा 'डीजीयू' या नावांनी ओळखली जाते. दोन काचा व त्यांमधील हवाबंद पोकळी मिळून जो एकसंध भाग होतो, त्यास प्रस्तुत लेखात 'काचजोड' म्हटले आहे. चौकट, रबरी पट्ट्या, चाके, बिजागऱ्या, कड्या व पाणी वाहून नेणारी छिद्रे हे या खिडकीचे उर्वरित भाग होत. हे सर्व भाग दुरुस्त करता येतात आणि त्यांतील बरेचसे काम घरच्या घरी होते. काचजोड मात्र एकदा निकामी झाला की दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. हा भेद लक्षात न आल्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. काही घरांत केवळ काचजोड धुरकटला म्हणून सुस्थितीतील चौकटीसह संपूर्ण खिडकी काढून टाकली जाते, तर काही घरांत पाच मिनिटांत साफ होणारे छिद्र बुजलेले राहिल्यामुळे महागडा काचजोड अकाली खराब होतो.

या खिडक्यांविषयीची बहुतेक माहिती थंड देशांतील अनुभवावर आधारलेली असते. दख्खनच्या पठारावर परिस्थिती वेगळी असल्याने येथे अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात निगा व दुरुस्तीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

युरोपातील थंड प्रदेशांत हिवाळ्यापुरती दुसरी खिडकी आतून किंवा बाहेरून बसविण्याची प्रथा जुनी आहे. दोन काचा कडेने कायमच्या जोडण्याच्या कल्पनेचे एकस्व अमेरिकेत टी. डी. स्टेटसन यांनी १८६५ मध्ये घेतले. विसाव्या शतकात 'थर्मोपेन' या व्यापारी नावाने असे काचजोड अमेरिकेत प्रचारात आले. १९५९ मध्ये इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती सपाट करण्याची 'फ्लोट' पद्धत जाहीर केली. या पद्धतीमुळे एकसारख्या जाडीची काच स्वस्तात मिळू लागली.

महाराष्ट्रात काचनिर्मितीचे स्वदेशी प्रयत्न तळेगाव दाभाडे येथील पैसा फंड काच कारखान्याने (१९०८) व कराडजवळील ओगलेवाडीच्या कारखान्याने केले. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोहोचला, परंतु हे उद्योग मुख्यतः पोकळ काचसामानाचे होते. फ्लोट काचेचा कारखाना पुढे रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे उभा राहिला.

रचना

काचजोडात सामान्यतः ४ ते ६ मिलिमीटर जाडीच्या दोन काचा असतात. त्यांच्या कडांना आतून अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. तिला स्पेसर म्हणतात. तिच्या जाडीइतकी, म्हणजे बहुधा ६ ते २० मिलिमीटर, पोकळी राहते. स्पेसरच्या आत आर्द्रता शोषणारे दाणे भरलेले असतात. पट्टी व काच यांच्यामध्ये ब्युटाइलचा पातळ थर असतो. तो बाष्पास अटकाव करतो. त्याच्या बाहेर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा जाड थर असतो व तो संपूर्ण जोडास बळकटी देतो. पोकळीत कोरडी हवा किंवा आर्गॉन वायू असतो. पोकळी निर्वात असते, ही समजूत चुकीची आहे. तशी ती असती तर बाहेरील वातावरणाच्या दाबाने साध्या काचा तडकल्या असत्या.

साध्या एकेरी काचेतून प्रत्येक चौरस मीटरमागे व आतबाहेरील तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे सुमारे ५.७ वॉट उष्णता वाहते. १२ मिलिमीटर पोकळीच्या साध्या काचजोडात हे प्रमाण सुमारे २.८ वॉट, म्हणजे निम्मे असते. काही काचजोडांत एका काचेच्या आतील पृष्ठावर धातूचा अतिशय पातळ 'लो-ई' लेप असतो, त्यामुळे हे प्रमाण आणखी घटते.

पठारावरील हवामानाचा परिणाम

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा (१७,०४८ चौ. किमी.) असून त्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेकडील अकोले तालुक्यात सह्याद्रीचा धो-धो पाऊस, तर पूर्व व दक्षिणेकडील पाथर्डी, जामखेड, कर्जत या तालुक्यांत अवर्षणप्रवण स्थिती असा मोठा फरक एकाच जिल्ह्यात आढळतो. मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते, तर हिवाळ्यात पहाटे ते १० अंशांच्या जवळपास उतरते.

काचजोड ही एक बंद कुपी असल्याने तापमानातील हा चढउतार तिला सोसावा लागतो. पोकळीतील हवा एका अंशाने तापली की तिचा दाब, काचा अजिबात हलल्या नाहीत असे धरल्यास, सुमारे ०.३४ किलोपास्कलने वाढतो. उन्हाळ्यातील दुपारी पश्चिमेकडील काचजोड ३० अंशांनी तापला तर ही वाढ सुमारे १० किलोपास्कल होते. प्रत्यक्षात काचा मध्यभागी एक-दोन मिलिमीटर फुगून हा दाब बराचसा सैल करतात. पहाटे त्या पुन्हा आत ओढल्या जातात. रोजच्या या हालचालीने कडांचा ब्युटाइल थर ताणला जातो आणि वर्षानुवर्षांनी त्यात सूक्ष्म फटी पडतात. मोठी काच सहज वाकते. लहान व जाड काच वाकत नाही, म्हणून तिच्या कडांवर ताण अधिक येतो. न्हाणीघराची चिमुकली खिडकी दिवाणखान्यातील मोठ्या खिडकीच्या आधी धुरकटण्याचे हे एक कारण असू शकते.

उंचीचाही असाच परिणाम होतो. अहिल्यानगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. दर १०० मीटर चढाला हवेचा दाब सुमारे १.२ किलोपास्कलने कमी होतो. त्यामुळे कोकणपट्टीत, समुद्रसपाटीजवळ बंद केलेला काचजोड घाट चढून नगरला आला की उन्हाचा स्पर्श होण्यापूर्वीच त्याच्या आत सुमारे साडेसात किलोपास्कलचा जादा दाब साठलेला असतो. पुणे व अहिल्यानगर यांच्या उंचीत फारसा फरक नसल्याने पुणे परिसरात बंद केलेल्या काचजोडांस हा त्रास जवळजवळ नसतो. भंडारदऱ्यासारख्या याहून उंच ठिकाणी तो वाढतो. काही उत्पादक अशा वेळी स्पेसरमध्ये केशनळी ठेवून दाब समान करतात. काचजोड मागविताना तो कोणत्या गावी बंद केला आहे हे विचारणे म्हणूनच व्यर्थ चौकसपणा ठरत नाही.

तिसरा घटक धुळीचा आहे. पारनेर तालुक्यातील कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभारल्या गेल्या, यावरून तेथील पठारी वाऱ्याची कल्पना येते. हा वारा उन्हाळ्यात शेतातील सुटी माती घेऊन येतो. साखर कारखान्यांच्या आसपास गाळप हंगामात राखेचे काळे कण काचांवर व खिडकीच्या खोबणीत साचतात. थंड देशांतील पुस्तकांत या खिडक्यांचा मुख्य शत्रू म्हणून दमट हवेचा उल्लेख असतो. पठारावर ते स्थान ऊन व धूळ यांना द्यावे लागते.

दोषाची ओळख

काचेवर बाष्प दिसले म्हणजे खिडकी बिघडली असे नाही. बाष्प कोणत्या पृष्ठावर आहे हे आधी बोटाने पुसून पाहावे. खोलीच्या बाजूने पुसले जात असेल तर खोलीतील हवा दमट आहे; हिवाळ्यात स्वयंपाकघरात असे घडते व खिडकी थोडा वेळ उघडल्यास ते जाते. बाहेरच्या बाजूने पुसले जात असेल तर रात्रभर वातानुकूलन यंत्र चालू राहिल्यामुळे काच थंड झाली असून पावसाळ्यातील दमट हवा तिच्यावर साकळली आहे. या दोन्ही प्रकारांत काचजोड निर्दोष असतो. दोन्ही बाजूंनी पुसूनही धुके तसेच राहिले तरच कडांचा बंद सुटला आहे असे समजावे.

बंद सुटल्याची पहिली खूण क्षणिक असते. पावसानंतरच्या सकाळी खालच्या कोपऱ्यात पुसट धुके दिसते आणि ऊन चढताच नाहीसे होते. या अवस्थेत स्पेसरमधील दाणे आर्द्रता शोषण्याचे काम अजून करीत असतात. ते पूर्ण भिजले की धुके टिकू लागते. पुढे काचेच्या आतील पृष्ठावर पांढरट डाग उमटतात. साचलेले पाणी काचेतील सोडियम बाहेर ओढते, त्यामुळे तयार होणारे अल्कधर्मी द्रावण काचेसच खाते. हे डाग काच उघडी केली तरी निघत नाहीत.

धुके नसताना खिडकीतून वारा, धूळ किंवा आवाज येत असेल तर दोष काचजोडात नसून रबरी पट्टीत, बिजागरीत किंवा कडीत शोधावा. पावसाचे पाणी आत येत असेल तर आधी पाण्याची छिद्रे तपासावीत, त्यानंतर चौकट व भिंत यांमधील सांधा. गवंडीकामातील या सांध्याचा दोष अनेकदा खिडकीच्या माथी मारला जातो.

नित्य निगा

चौकटीच्या खालच्या खोबणीत शिरलेले पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी लहान छिद्रे ठेवलेली असतात. संपूर्ण खिडकीत सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक महत्त्वाचा भाग हाच होय. छिद्र बुजले की पाणी खोबणीत तुंबते, काचजोडाची खालची कड दिवसेंदिवस पाण्यात राहते आणि तिचा बंद सुटतो. धुळीच्या गाळाखेरीज कुंभारमाशीची मातीची घरटीही ही छिद्रे बुजवितात. मुंग्या येतात म्हणून काही जण छिद्रांत सिलिकॉन भरून टाकतात. हा उपाय खिडकीच्या मुळावर येतो. मुंग्यांसाठी छिद्रावर बारीक जाळीचा तुकडा किंवा विकत मिळणारे झाकण लावता येते.

मृग नक्षत्रापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, प्रत्येक खिडकीची खोबणी रंगाच्या जुन्या ब्रशने झाडून घ्यावी, छिद्रांतून बारीक तार किंवा खराट्याची काडी फिरवावी आणि एक पेला पाणी ओतून ते बाहेर पडते का ते पाहावे. परतीच्या पावसाआधी, सप्टेंबरच्या सुमारास, हीच तपासणी पुन्हा करणे हितावह असते. अवर्षणप्रवण तालुक्यांत मोठा पाऊस पुष्कळदा त्याच काळात पडतो.

काच कोरड्या फडक्याने पुसू नये. धुळीतील वाळूचे व राखेचे कण काचेवर ओरखडे पाडतात. आधी पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग मऊ फडके वापरावे. जिल्ह्यात विंधन विहिरीचे पाणी अनेक ठिकाणी जड असते आणि वाळल्यावर त्याचे पांढरे थेंब काचेवर उमटतात. हे थेंब पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने निघतात. लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन काच कोरडी करावी. फरशी धुण्याचे आम्ल काचेजवळ नेऊ नये, कारण ते अ‍ॅल्युमिनियम खाते. थिनर व रॉकेल यांनी यूपीव्हीसी चौकटीची चकाकी जाते.

सरकत्या खिडकीची झडप जड झाली की खोबणीत खोबरेल किंवा शिलाई यंत्राचे तेल सोडण्याची सवय सार्वत्रिक आहे. दोन दिवस झडप हलकी चालते, नंतर तेलात धूळ मिसळून तिचा लगदा होतो आणि चाके घासू लागतात. खोबणी कोरडी व स्वच्छ ठेवावी. चाकांच्या आसाला व बिजागरीच्या सांध्यांना वर्षातून एकदा सिलिकॉनचा फवारा पुरतो. रबरी पट्टी कडक होऊ नये म्हणून तिच्यावरही हाच फवारा फडक्याने चोळता येतो.

घरी होण्याजोग्या दुरुस्त्या

रबरी पट्टी आखडली की कोपऱ्यांत फट पडते. तिचा एक तुकडा कापून नमुना म्हणून दुकानात न्यावा, कारण निरनिराळ्या सेक्शनांच्या पट्ट्या एकमेकींत बसत नाहीत. नवी पट्टी ओढून बसवू नये. ताणलेली पट्टी काही महिन्यांत पुन्हा आखडते. उलट ती किंचित दाबून, थोडी जास्त लांबी ठेवून बसवावी व सांधा वरच्या बाजूस घ्यावा. सरकत्या खिडकीतील केसाळ पट्टीही झिजते व ती ओढून काढून नवी सरकविता येते.

सरकती झडप घासत असेल तर तिच्या खालच्या कडेला असलेले स्क्रू फिरवून चाके वरखाली करता येतात. बिजागरीची झडप खाली झुकली असेल तर बिजागरीचे स्क्रू कसावेत. तेवढ्याने न भागल्यास काचजोडाखालील आधाराचे तुकडे तपासावेत. झडपेत काचजोड बिजागरीच्या बाजूस खाली व त्याच्या कर्णरेषेतील कोपऱ्यात वर टेकविलेला असतो, त्यामुळे काच झडपेला तिरक्या टेकूसारखी धरून ठेवते. हे तुकडे घसरले की झडप चौकोनी राहत नाही.

कडी-कुलपाविना घरांसाठी प्रसिद्ध असलेले शनिशिंगणापूर याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यात आहे. या खिडक्यांत कडीचे काम केवळ सुरक्षेचे नसते. कडी फिरविली की झडप रबरी पट्टीवर सर्व बाजूंनी दाबली जाते, आणि हा दाब असेल तरच खिडकी वारा अडविते. झडप नुसती लोटून ठेवल्यास दुहेरी काचेचा लाभ बराचसा वाया जातो. कडीशी जोडलेल्या लहान खुंट्या किल्लीने किंवा पान्याने किंचित फिरवून हा दाब कमीअधिक करता येतो.

काचजोडाला छिद्र पाडून आतील धुके वाळविण्याची आणि छिद्रात झडपबूच बसविण्याची एक पद्धत काही देशांत विकली जाते. तिने काही काळ काच स्वच्छ दिसते. मात्र कडांचा बंद पूर्ववत होत नाही, आर्गॉन परत येत नाही आणि लो-ई लेप हवेच्या संपर्काने गंजू लागतो. काच टफन केलेली असल्यास छिद्र पाडताच तिचा चुरा होतो. ही दुरुस्ती नव्हे, केवळ मुदतवाढ होय.

काचजोड बदलणे

जुना काचजोड काढण्यापूर्वी नवा हाती असावा, आणि नवा मागविण्यापूर्वी माप अचूक असावे. टफन काच तयार झाल्यावर कापता किंवा घासता येत नाही. बीडिंगची पट्टी काढून आतील खोबणीची रुंदी व उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजावी, सर्वांत लहान माप धरावे आणि त्यातून १० मिलिमीटर वजा करावे. त्यामुळे प्रत्येक कडेला ५ मिलिमीटर मोकळीक राहते. एकूण जाडीही लिहून घ्यावी. उदाहरणार्थ, ५ मिलिमीटरच्या दोन काचा व १२ मिलिमीटर पोकळी म्हणजे २२ मिलिमीटर. स्पेसरवर पुष्कळदा उत्पादकाचे नाव व तारीख छापलेली असते. हमीची मुदत शिल्लक आहे की नाही हे त्यावरून कळते, म्हणून जुना काचजोड टाकण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे.

काचेचे वजन दर चौरस मीटरला व दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो असते. १.२ चौरस मीटरच्या, ५ मिलिमीटरच्या दोन काचांच्या काचजोडाचे वजन त्यामुळे ३० किलो भरते. हे काम दोघांचे आहे. जाड हातमोजे, चष्मा व बंद पादत्राणे अनिवार्य समजावीत. वरच्या मजल्यावरील व बाहेरून बसविलेला काचजोड घरी बदलण्याचा प्रयत्न करू नये, तेथे अनुभवी कारागीरच बोलवावा. महाराष्ट्रातील घरांत खिडकीला लोखंडी गज असतात. बीडिंग ज्या बाजूस आहे त्याच बाजूस गज पक्के वेल्ड केलेले असले तर काचजोड बाहेर काढताच येत नाही. नव्या घरात गज बोल्टने बसवून घेतल्यास पुढील खर्च वाचतो.

बीडिंग काढताना सर्वांत लांब पट्टीपासून, तिच्या मध्यभागी पातळ पत्री घालून आरंभ करावा. पट्ट्या काढल्या त्या क्रमाने खुणा करून ठेवाव्यात व उलट क्रमाने बसवाव्यात. नवा काचजोड आधाराच्या तुकड्यांवरच टेकवावा. तो थेट चौकटीवर टेकला तर त्याची कड पाण्यात राहते. सिलिकॉन लावायचे असल्यास ते 'न्यूट्रल' प्रकारचे घ्यावे. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे स्वस्त सिलिकॉन काचजोडाच्या कडेचा बंद खराब करते. नव्या काचजोडाचे आयुष्य अशा एका नळीमुळे घटू शकते.

लो-ई किंवा सूर्यरोधक लेपाचा काचजोड कोणत्या बाजूने बसवायचा हे आधी पाहावे. उष्ण प्रदेशात लेप बाहेरील काचेच्या आतल्या पृष्ठावर असावा लागतो. काचेसमोर मोबाईलचा दिवा किंवा पेटती काडी धरली असता चार प्रतिबिंबे दिसतात. त्यांतील वेगळ्या रंगाचे प्रतिबिंब लेपाच्या पृष्ठाचे असते. बाहेरून पाहताना ते दुसरे आले पाहिजे.

ऊन, फिल्म आणि खिडकीची दिशा

दुहेरी काच उन्हाची उष्णता अडविते ही समजूत अंशतःच खरी आहे. साधी एकेरी काच सौर उष्णतेचा सुमारे आठ-दशांश भाग आत येऊ देते, साधा काचजोड सुमारे सात-दशांश. म्हणजे तापलेल्या हवेपासून मिळणारे संरक्षण दुप्पट होते, परंतु थेट उन्हाच्या बाबतीत फरक अल्प पडतो. पश्चिमेकडील खिडकीत लेप नसलेला काचजोड बसवून खोली थंड होण्याची अपेक्षा केल्यास निराशाच पदरी येते.

मग काचेवर काळी फिल्म चिकटविली जाते. काचजोडाच्या आतील काचेवर अशी फिल्म लावल्यास ती काच स्वतः तापते, तिची कड मात्र चौकटीत झाकलेली व थंड राहते. या फरकाने टफन न केलेली काच तडकते. असा तडा कडेपासून काटकोनात निघून नंतर नागमोडी वळतो, यावरून तो ओळखता येतो. काचेला लागून जाड पडदा किंवा कपाट ठेवल्यानेही हेच घडू शकते. ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधी बाहेरच अडविणे हा अधिक खात्रीचा व स्वस्त उपाय होय. दक्षिणेकडे छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन तिरपे असल्याने तेथे बांबूची चीक, उभ्या पट्ट्या किंवा झाड लागते. बाहेरील सावलीमुळे काचजोड कमी तापतो, त्याच्या कडांवरील रोजचा ताण घटतो आणि त्याचे आयुष्यही वाढते.

जिल्ह्यातील जुनी धाब्याची घरे व वाडे जाड भिंती, लहान खिडक्या आणि दुपारी मिटणाऱ्या लाकडी झडपा यांच्या बळावर थंड राहत. काच त्यांत जवळजवळ नसे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी प्रसिद्ध केलेल्या 'इको-निवास संहिते'तही भिंती व काचा यांतून येणाऱ्या उष्णतेच्या मर्यादेबरोबर उघडता येणाऱ्या खिडक्यांच्या किमान प्रमाणाचा विचार केला आहे. वातानुकूलित खोली, रहदारीच्या रस्त्यावरील शयनगृह किंवा धुळीचा त्रास असलेल्या रुग्णाची खोली येथे दुहेरी काच आपला खर्च भरून काढते. आवाज अडविणे हा हेतू असल्यास दोन्ही काचा समान जाडीच्या न घेता एक ४ व दुसरी ६ मिलिमीटरची घ्यावी, कारण समान जाडीच्या काचा एकाच स्वरास एकदम कंप पावतात. रात्री खिडक्या उघड्या टाकून झोपण्याची पद्धत असलेल्या घरात चांगली मच्छरजाळी व बाहेरील सावली यांवर केलेला खर्च अधिक उपयोगी पडतो.